जपानमधील नाबे आणि सोबा-उदोनच्या जुन्या उपाहारगृहात पहिल्यांदा जेवायला जाताना

जपानला नोकरी-शिक्षणासाठी नव्याने गेलेल्या मराठी माणसाला सुशी आणि रामेन ही नावे आधीपासून ठाऊक असतात. मात्र मेजाच्या मधोमध शेगडीवर शिजणारे नाबे आणि हाताने मळून कापलेले सोबा (कुट्टूच्या पिठाचे) किंवा उदोन (गव्हाचे) हे नूडल्स जिथे मिळतात, त्या जुन्या वळणाच्या उपाहारगृहाच्या दारातून तो बहुधा परत फिरतो. बाहेर पदार्थांची चित्रे नसतात, बूट कुठे काढायचे ते कळत नाही, आणि कच्च्या जिन्नसांचे तबक व पेटती शेगडी समोर आणून ठेवली तर पुढे काय करायचे, ही धास्ती असतेच. ती धास्ती घालवण्यापुरती माहिती येथे जेवणाच्या क्रमाने दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. या जेवणाचा जीव रश्शात आहे. कोणता जिन्नस आधी घालायचा, वर आलेली मळी का काढायची, नूडल्स शेवटी का येतात, उरलेल्या बुडवणीत, म्हणजे घास बुडवून खायच्या पातळ सॉसमध्ये, गरम पाणी का ओततात, या सगळ्यामागे रस्सा बिघडू नये आणि वाया जाऊ नये एवढाच हेतू असतो. हा हेतू लक्षात राहिला, तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

कोणत्या दारात शिरावे

नाबे या एका नावाखाली प्रांतोप्रांतीचे कितीतरी प्रकार येतात. फुकुओकाकडे कोंबडीचे मिझुताकी आणि आतड्यांचे मोत्सुनाबे खातात. आकिता प्रांतात भात कुटून, काठीवर थापून भाजतात आणि त्या किरितांपोचे तुकडे नाबेत सोडतात. होक्काइदोत सामन मासा आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले इशिकारी-नाबे असते, तर टोकियोच्या ऱ्योगोकु भागात सुमो मल्लांच्या आहारातून आलेले चांको-नाबे मिळते. सुकियाकी आणि शाबू-शाबू हे गोमांसाचे प्रकार त्या मानाने अलीकडचे आहेत. बौद्ध प्रभावामुळे जपानमध्ये शतकानुशतके गोमांस निषिद्ध मानले जाई. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी ते खाल्ल्याचे लोकांना कळले आणि त्यानंतरच्या काळात शहरांतून गोमांसाच्या नाबेची दुकाने वाढत गेली. शाबू-शाबू हे नाव तर १९५२ साली ओसाकातील सुएहिरो या उपाहारगृहाने प्रचारात आणले.

पहिल्या वेळेस मी उदोन-सुकी सुचवीन. ओसाकातील मिमिऊ या उपाहारगृहाने १९२० च्या दशकात रूढ केलेल्या या प्रकारात नाबे आणि नूडल्स एकाच भांड्यात असतात. रस्सा आधीच चवीचा करून आणलेला असल्यामुळे वेगळी बुडवण लागत नाही आणि कच्च्या अंड्याचा प्रश्नही येत नाही. भांड्यात शिंपले, कोळंबी, कोंबडी, शिताके अळंबी, चिनी कोबी, गाजर आणि जाडजूड उदोन असा सगळा संसार असतो. काही ठिकाणी कोळंबी जिवंत आणतात. हे ज्यांना पाहवणार नाही, त्यांनी मागणी देतानाच तसे सांगावे.

सोबासाठी टोकियो हे उत्तम गाव आहे. तेथील जुनी दुकाने याबू, साराशिना आणि सुनाबा या तीन परंपरा सांगतात. साराशिनाचा सोबा दाण्याच्या केवळ गाभ्यापासून करतात, त्यामुळे तो पांढराशुभ्र दिसतो. टोकियोच्या कान्दा नावाच्या भागातील याबू सोबा हे दुकान १८८० सालचे. २०१३ साली लागलेल्या आगीत त्याची जुनी लाकडी इमारत जळाली आणि पुढच्या वर्षी नव्या इमारतीत ते पुन्हा सुरू झाले. क्योतोमधील होंके ओवारिया तर १४६५ सालापासून चालू आहे, मात्र त्याची सुरुवात मिठाईच्या दुकानापासून झाली. रेल्वे स्थानकांवर यंत्रातून कूपन काढून उभ्याउभ्या खायची सोबाची दुकाने वेगळी. तेथे दहा मिनिटांत कार्यभाग उरकतो आणि या लेखातील शिष्टाचारांची फारशी गरज पडत नाही.

आरक्षण करताना

सोबाच्या दुकानात बहुधा आरक्षण लागत नाही; दुपारच्या जेवणाच्या वेळेआधी पोहोचले की झाले. त्या दिवसाचे मळलेले नूडल्स संपले की पुष्कळ दुकाने वेळेआधीच बंद होतात, त्यामुळे उशिरा जाणे मात्र टाळावे. नाबेसाठी आधी जागा राखून ठेवणे श्रेयस्कर. जपानी येत नसेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला किंवा कार्यालयातील सहकाऱ्याला फोन करायला सांगावे.

त्या फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे माणसे किती, कारण नाबे पुष्कळ ठिकाणी किमान दोघांसाठीच देतात. एकट्या माणसाने नाबे-याकी-उदोन मागवावे, जे एकाच्या पुरतेसे लहान भांड्यात शिजून येते. दुसरी म्हणजे बैठक कशी आहे. तातामी चटयांवर मांडी घालून बसणे मराठी माणसाला जड जात नाही, परंतु गुडघेदुखीच्या ज्येष्ठांसाठी पाय सोडायला मेजाखाली खड्डा असलेली होरी-गोतात्सु बैठक किंवा साधे खुर्ची-मेज मागून घ्यावे. तिसरी गोष्ट पैशांची: साधा थंड सोबा हजार येनच्या आगेमागे मिळतो, पण जुन्या घराण्याच्या नाबेला माणशी कित्येक हजार येन पडतात. चौथी गोष्ट पथ्याची, आणि तिच्याविषयी जरा सविस्तर बोलावे लागेल.

शाकाहार, ॲलर्जी आणि उपास

शाकाहारी मराठी माणूस जपानमध्ये फसतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या मांसामुळे नव्हे, तर रश्शात विरघळलेल्या माशामुळे. नाबे असो, उदोन असो की सोबाची बुडवण असो, पाया दाशी नावाच्या अर्काचा असतो, आणि तो बहुतेक वेळा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवून-धुरवून तासलेला कात्सुओ मासा यांपासून काढतात. कोंबूच्या चवीचे मूळ ग्लुटामेट हे द्रव्य आहे, असे किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली दाखवले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले; जपानी स्वयंपाक्यांना ती चव त्याआधी शतकानुशतके हवीच असे. त्यामुळे गोडसर तळलेल्या तोफूचा तुकडा घातलेले कित्सुने उदोन पाहायला शाकाहारी वाटले, तरी त्याचा रस्सा माशाचाच असतो. आंबट पोन्झु आणि तिळाची बुडवण यांतही दाशी असू शकते.

म्हणून नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. मांस काढून टाकले की समोरच्याच्या दृष्टीने काम झालेले असते. ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस’, म्हणजे मांस आणि मासे चालत नाहीत, कात्सुओची दाशीही नको, हे वाक्य जपानी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवावे आणि आरक्षणाच्या वेळीच कळवावे. जुन्या घराण्यात दाशी सकाळीच काढून ठेवलेली असते. ऐन वेळी सांगितल्यास ते केवळ दिलगिरी व्यक्त करू शकतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

पर्याय आहेत, पण ते हेरावे लागतात. क्योतोच्या नान्झेन्जी मंदिराच्या परिसरात युदोफू म्हणजे कोंबू घातलेल्या पाण्यात नुसता तोफू उकळून देणारी जुनी उपाहारगृहे आहेत. येथे भांड्यातले पाणी चालण्यासारखे असते, परंतु सोबतच्या बुडवणीत बहुधा मासा असतो. ती नको म्हणून साधा सोया सॉस आणि आले मागून घ्यावे. बौद्ध मंदिरांतील शोजिन ऱ्योरी या सात्त्विक जेवणात कोंबू आणि वाळलेल्या शिताकेची दाशी वापरतात, आणि ते नि:शंक मनाने खाता येते. सोबाच्या दुकानात थंड सोबा बुडवणीशिवाय, मिठाबरोबर खायला मागावा. यात विचित्र असे काही नाही. सोबाचे दर्दी जपानी लोकही पहिला घास कित्येकदा मिठाबरोबरच घेतात, आणि काही दुकाने त्यासाठी मीठ आपणहून आणून ठेवतात. उदोनमध्ये गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी यांपलीकडे काही नसते, म्हणून अंडे न खाणाऱ्यांना ते नूडल्स चालतात. ज्यांना कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य आहेत, त्यांना मात्र नाबेचे घर सोयीचे पडणार नाही.

ॲलर्जीबाबत कुठेही भिडस्तपणा नको. सोबाच्या धान्याची ॲलर्जी तीव्र असू शकते, आणि जपानमध्ये वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर सोबाचा उल्लेख कायद्यानेच करावा लागतो. ज्याला ती आहे, त्याने सोबाच्या दुकानात ‘मी फक्त उदोन खाईन’ असे म्हणूनही जाऊ नये, कारण पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच कढईतल्या पाण्यात उकळतात आणि पीठ हवेतही उडत असते. हे धान्य म्हणजे उत्तर भारतात नवरात्राच्या उपासाला चालणारे कुट्टू. दिल्लीकर मराठी मंडळींना ते परिचयाचे आहे. तरीही सोबा उपासाला चालेल असे समजू नये: निहाची प्रकारात आठ भाग कुट्टूला दोन भाग गहू असतो, आणि निव्वळ कुट्टूचा जूवारी सोबा मागवला तरी बुडवण आडवी येते.

दारातून बैठकीपर्यंत

दारावर कापडी पडदा टांगलेला असेल तर दुकान उघडे आहे आणि तो आत घेतलेला असेल तर बंद, एवढे लक्षात ठेवावे. या पडद्याला नोरेन म्हणतात. तो हाताने अलगद बाजूला करून आत शिरावे आणि दाराशीच थांबावे. मोकळी जागा दिसली म्हणून जाऊन बसू नये. माणसे किती असे विचारले जाईल, तेव्हा बोटांनी सांगितले तरी पुरते.

तातामीची बैठक असेल तर पायरीखाली बूट काढावेत. जुन्या ठिकाणी चपला-बुटांसाठी लाकडी खणांचे कपाट असते आणि त्याची किल्ली म्हणजे क्रमांक कोरलेली लाकडी पट्टी. ती ओढून घेतली की कुलूप लागते. काही ठिकाणी बूट उचलून ठेवायला माणूस असतो, तिथे ते त्याच्यावर सोडून द्यावे. मोजे धड असावेत. तातामीवर स्लीपरही घालायची नसते, आणि स्वच्छतागृहातल्या स्लीपर तिथेच सोडून बाहेर यायचे असते. पाठीवरची पिशवी आत शिरण्यापूर्वीच काढून हातात घ्यावी, कारण जुन्या घरांतल्या वाटा अरुंद असतात. उग्र अत्तर त्या दिवशी वर्ज्य करावे. सोबाचा वास फार हलका असतो आणि शेजारच्याचा रसभंग होतो. दारापासून सर्वांत दूरची जागा ज्येष्ठांची किंवा पाहुण्यांची मानतात. कोणी यजमान म्हणून नेले असेल, तर ते बसवतील तिथे बसावे.

बसल्यावर गरम किंवा गार पाण्यात भिजवून पिळलेला लहान रुमाल येतो. तो हात पुसण्यासाठी असतो, तोंड आणि मान पुसण्यासाठी नव्हे, जरी तसे करणारे जपानी काका-आजोबा दिसले तरी. नाबेच्या घरात कधी कागदी अंगरखा देतात. तो संकोच न करता गळ्यात बांधावा, कारण जाड उदोन काड्यांतून निसटले की रश्शाचे शिंतोडे थेट सदऱ्यावर येतात.

मागणी देताना

कोणाला बोलवायचे असेल तर ‘सुमिमासेन’ (माफ करा) अशी हाक मारावी. टाळी वाजवणे किंवा चुटकी मारणे तेथे उद्धटपणाचे समजतात. काही ठिकाणी मेजावर घंटीचे बटण असते. नाबे मागवताना रश्शाचा प्रकार, किती जणांसाठी, आणि शेवटी उदोन हवे की भात, एवढे सांगावे लागते. शेवटचा भाग नंतर सांगितला तरी चालतो. न मागवता एखादी लहान वाटी समोर आली, तर ती बहुधा मद्यासोबतची ओतोशी असते आणि तिचे पैसे बिलात लागतात.

सुरुवातीलाच खूप मागवू नये. चौघांसाठी तिघांचे नाबे घेऊन नंतर भाज्या किंवा मांसाची वेगळी तबकडी वाढवता येते, उलटे करता येत नाही. उरलेले अन्न बांधून देण्याची पद्धत नाबेच्या बाबतीत जवळजवळ नाहीच.

नाबे शिजवताना

तबक आणि भांडे आल्यावर पहिली काही मिनिटे हात आवरावा. पारंपरिक घरांत वाढायला आलेल्या बाई पहिली खेप स्वतः घालतात, आच ठरवतात आणि कशाला किती वेळ द्यायचा ते सांगून जातात. त्या काय आणि कोणत्या क्रमाने घालतात हे नीट पाहावे. पुढची खेप आपल्याला तशीच घालायची असते.

क्रमाचे तत्त्व सोपे आहे. ज्याला शिजायला वेळ लागतो आणि ज्याचा स्वाद रश्शात उतरायला हवा, ते आधी. ज्याचा रंग आणि कोवळेपणा टिकायला हवा, ते शेवटी. गाजर, मुळा, चिनी कोबीचे जाड पांढरे देठ, शिताके, शिंपले आणि कोंबडी आधी जातात. रस्सा पुन्हा उकळू लागला की तोफू आणि माशाचे तुकडे. कोबीची पाने, मिझुना ही पालेभाजी आणि शुंगिकु ही शेवंतीच्या जातीची कडसर पालेभाजी अगदी शेवटी, मिनिटभरच. शिंपले उघडले की ते झाले. उकळूनही जो उघडत नाही तो खाऊ नये. भांड्यात एकाच प्रकारचे जिन्नस एका बाजूला ठेवावेत, सगळे एकत्र ढवळू नये. ढवळल्याने तोफू फुटतो, रस्सा गढूळ होतो आणि काय शिजले, काय नाही हे कळेनासे होते.

मांस आणि मासे शिजू लागले की कडेने करडा फेस जमतो. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तशीच ही काढायची असते. त्यासाठी बारीक जाळीची पळी आणि पाण्याची वाटी मेजावर असते. पळी फेसाखालून अलगद फिरवून फेस उचलावा, वाटीतल्या पाण्यात पळी बुडवून झटकावी आणि पुन्हा काढावी. पळी खोल घातली तर फेसाबरोबर रस्साही जातो. पांढरा हलका फेस चवीला अपाय करत नाही, म्हणून शेवटचा थेंब निघेपर्यंत त्याच्या मागे लागू नये. आच मध्यम ठेवावी. भांडे खळखळा उकळत राहिले की रस्सा आटून खारट होतो, आणि मग तो पुन्हा चवीला आणणे कठीण जाते. रस्सा कमी झालाच, तर बाजूला ठेवलेल्या किटलीतला घालावा किंवा मागवून घ्यावा. साधे पाणी ओतू नये.

जपानी मंडळींच्या प्रत्येक घोळक्यात एक जण असा निघतोच, जो भांड्याचा ताबा घेतो, कोणी काय कधी घालायचे ते ठरवतो आणि दुसऱ्याने पाने लवकर टाकली तर नाराज होतो. त्याला थट्टेने नाबे-बुग्यो म्हणतात. बुग्यो म्हणजे जुन्या राजवटीतला अंमलदार. असा माणूस सोबत असेल तर त्याच्या हाती सूत्रे सोपवून निवांत जेवणे, हे नवख्यासाठी सर्वांत शहाणपणाचे.

कच्चे मांस उचलायच्या काड्या किंवा चिमटा वेगळा असतो आणि खायच्या काड्या वेगळ्या. ही वाटणी काटेकोरपणे पाळावी, विशेषतः कोंबडी आणि डुकराच्या मांसाच्या बाबतीत, आणि ही दोन्ही पूर्ण शिजल्याशिवाय खाऊ नयेत. शाबू-शाबूत गोमांसाचा पातळ काप रश्शात दोन-तीनदा हलवला आणि गुलाबी रंग फिका पडला की तो खायला तयार होतो. काप एकेकच सोडायचा असतो, अख्खे तबक उपडे करायचे नसते. आपली उष्टी काडी सामायिक भांड्यात घालू नये. घरच्या माणसांत जपानी लोकही तसे करतात, पण एकमेकांना विचारून. हवा तो तुकडा शोधण्यासाठी काड्यांनी भांड्याचा तळ धुंडाळणे, किंवा तुकड्यात काडी खुपसून उचलणे, दोन्ही असभ्य मानतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण दहनानंतर अस्थी उचलताना तेथे तसे करतात.

शिजलेले पळीने काढून तोन्सुई नावाच्या, एका बाजूला धरायला कान असलेल्या वाटीत घ्यावे. वाटी हातात उचलून खाणे हेच रीतीला धरून आहे. ती मेजावर ठेवून मान खाली घालणे नव्हे. उदोन-सुकीत रश्शासकट वाटी भरून त्यात चिरलेली कांदापात, किसलेले आले आणि लिंबाची फोड पिळतात. मिझुताकी आणि शाबू-शाबूला पोन्झु किंवा तिळाची बुडवण असते, आणि तिथे वाटीत रस्सा फार येऊ देऊ नये, नाहीतर बुडवण पांचट होते. सुकियाकीत फेटलेले कच्चे अंडे येते. ज्यांना ते नको, त्यांनी ‘तामागो नाशी दे’ म्हणावे. सुकियाकी गोडसर आणि दाट असल्यामुळे अंड्याशिवाय जरा जास्त गोड लागते, एवढेच. टोकियोकडे सुकियाकीत तयार केलेला गोड-खारा रस ओततात, तर ओसाका-क्योतोकडे आधी मांस भाजून त्यावर साखर आणि सोया सॉस घालतात. दुसऱ्या पद्धतीत सुरुवात वाढणाऱ्या बाईंनाच करू द्यावी.

शेवटचा घाणा

जिन्नस संपत आले की भांड्यात जो रस्सा उरतो, त्यात सगळ्यांचा अर्क उतरलेला असतो, आणि जेवणातला सर्वांत चविष्ट भाग तोच. त्यात उदोन किंवा भात घालून जेवण संपवतात, याला शिमे म्हणतात. नवखी मंडळी येथेच चुकतात. ती आधी पोटभर मांस खातात, रस्सा वाटीत घेऊन पिऊन टाकतात आणि शिमेच्या वेळी हात टेकतात. पोटात जागा आणि भांड्यात निदान एक-तृतीयांश रस्सा शिल्लक ठेवूनच जेवावे.

उदोन घालायचे असतील तर उरलेले तुकडे जाळीने काढून घ्यावेत, रस्सा उकळवावा, नूडल्स सोडून मोकळे करावेत आणि दोन-चार मिनिटांत वाढावेत. उदोन-सुकीत मात्र जाड उदोन पहिल्यापासूनच इतर जिन्नसांबरोबर शिजतात. ते विरघळत नाहीत. उलट रस्सा पिऊन अधिक चांगले लागतात. झोसुई, म्हणजे रश्शात शिजवलेला मऊ भात, हवी असेल तर पाण्यातून काढलेला भात रश्शात घालून दोन उकळ्या आल्या की फेटलेले अंडे बारीक धारेने सर्वत्र सोडावे, आच बंद करून झाकण ठेवावे आणि मिनिटभर उघडू नये. वरून कांदापात. पुष्कळ ठिकाणी हे काम वाढणाऱ्या बाईच करून देतात, आणि त्यांच्या हातची झोसुई आपल्या हातच्यापेक्षा चांगली होते, यात वाद नाही.

सोबा खाताना

थंड सोबा बांबूच्या चटईवर किंवा लाकडी चौकोनी पेटीत येतो. सोबत बुडवणीची लहान सुरई, एक रिकामा पेला आणि तबकडीत कांदापात व वासाबी हा झणझणीत हिरवा लगदा असतो. सुरई पेल्यात उपडी करू नये. तळ झाकेल एवढीच बुडवण ओतावी आणि लागेल तशी वाढवावी. सोबा आल्यावर छायाचित्रांत वेळ घालवणे परवडत नाही, कारण तो काही मिनिटांत सुकू लागतो आणि धागे एकमेकांना चिकटतात.

पहिले दोन-चार धागे काही न लावता खाऊन पाहावेत. मग ढिगाच्या माथ्यावरून पाच-सहा धागे उचलावेत. कडेने ओढले तर सगळा गुंता बरोबर येतो. टोकियोच्या जुन्या घरांची बुडवण गडद आणि जोरकस असते, म्हणून धाग्यांचा खालचा तिसरा भागच तीत बुडवतात. पूर्ण बुडवला तर सोबाचा वास मरतो आणि जिभेवर फक्त सोया सॉस राहतो. पश्चिमेकडची बुडवण फिकी असेल तर थोडे अधिक बुडवायला हरकत नाही. वासाबी बुडवणीत कालवण्याऐवजी नखाएवढी धाग्यांवरच ठेवली, तर तिचा झणका आणि बुडवणीची चव दोन्ही शाबूत राहतात. सुर्रकन आवाज करत ओढणे येथे शिष्टाचाराला धरून आहे, कारण हवेबरोबर वास नाकापर्यंत जातो. पण ते सक्तीचे नाही. ज्याला जमत नाही त्याने शांतपणे खावे, कोणी बघत बसत नाही. गरम सोबा किंवा उदोन मागवल्यास वाडगा उचलून रस्सा प्यावा, हवी तर वरून शिचिमी ही सात जिनसांची भुकटी भुरभुरावी. रस्सा सगळा संपवलाच पाहिजे असे नाही.

थंड सोबा संपत आला की लाखेच्या रोगणाची, कोपऱ्यातून तोटी काढलेली चौकोनी झारी आणून ठेवतात. तिच्यात सोबा उकळलेले पाणी असते, सोबायु. नवख्याला वाटते की हा चहा असेल आणि तो ते रिकाम्या पेल्यात ओतून पितो. खरी रीत अशी, की पेल्यात उरलेल्या बुडवणीत ते ओतायचे. आधी थोडे, चाखून पाहून मग आणखी. दुधट, किंचित दाट पाणी गडद बुडवणीत मिसळते आणि तिचा खारटपणा निवळून पिण्याजोगा गरम रस्सा तयार होतो. उरलेली कांदापातही त्यातच टाकावी. दुकान उघडल्या-उघडल्या गेलात तर हे पाणी पातळ असते आणि दुपार कलताना अनेक खेपांचा सोबा उकळून दाट झालेले असते. दाट सोबायुच्या हौसेने मुद्दाम उशिरा जाणारी माणसेही आहेत, नूडल्स संपण्याचा धोका पत्करून.

काही जुन्या दुकानांत सोबाच्या आधी थोडी साके (तांदळाचे मद्य) आणि कामाबोको ही माशाची वडी, गोडसर अंड्याची वडी किंवा भाजलेले मिसो घेत बसण्याची रीत आहे. तसे बसायचे असेल तर सोबा नंतर मागवावा. सोबा खाऊन झाल्यावर मात्र गप्पा मारत जागा अडवू नये. बाहेर लोक रांगेत असतात. वर्षअखेरीचा सोबा खाण्याची परंपरा असल्यामुळे ३१ डिसेंबरला नावाजलेल्या दुकानांसमोर ही रांग कमालीची लांबते, आणि पहिल्या अनुभवासाठी तो दिवस निवडू नये.

पैसे देताना

बिलाची चिठ्ठी मेजावर उलटी ठेवलेली असते. ती घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जावे. बसून खाल्लेल्या जेवणावर १० टक्के उपभोग कर लागतो, आणि पदार्थांच्या यादीतला भाव करासहित आहे की कराविना, हे आधी पाहिलेले बरे. पैसे हातात न देता समोरच्या तबकडीत ठेवतात. जुनी दुकाने अजूनही कार्ड नाकारू शकतात, म्हणून रोख रक्कम जवळ असावी. चौघांचे चार भाग करून घेण्याचा आग्रह गर्दीच्या वेळी धरू नये. एकाने देऊन नंतर आपसात हिशेब करावा. बक्षिशी ठेवायची पद्धत नाही. मेजावर नाणी सोडून निघालात, तर विसरलेले पैसे परत करायला कोणीतरी रस्त्यापर्यंत धावत येईल. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, एवढे म्हणावे, आणि बुटांच्या कपाटाची लाकडी किल्ली खिशात तशीच राहिली नाही ना, हे पाहून घ्यावे.